भाड्यातले आपले किती?

सदर : घरचा हिशेब



आपल्या घरांत चार पैसे गाठीशी आले की पहिला विचार प्लॉटचा येतो आणि दुसरा खोल्या बांधायचा. कारण उघड आहे. मुदत ठेवीचे व्याज नको, शेअर बाजाराचे कळत नाही, सोने घरात ठेवायची भीती. मग निवृत्तीची रक्कम असो, आखाती देशात पंधरा वर्षे काढून आणलेली बचत असो की विकलेल्या शेताचे पैसे, ते सगळे विटा-सिमेंटमध्ये जाते. खाली दोन खोल्या, वर एक, रस्त्याकडेला जमलेच तर दुकानाचे शटर. भाडे हलाल आहे, महिन्याच्या महिन्याला येते, आणि घर काही कुठे पळून जात नाही. बीडला तर 17 सप्टेंबर 2025 रोजी अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाल्यापासून जागेच्या गप्पांना आणखी जोर आला आहे.

घर पळून जात नाही हे खरे, पण ते झिजते. आणि ती झीज कोणाच्या खिशातून भरायची, हे आपल्या बहुतेक घरांत कधी ठरलेलेच नसते. भाडे आले की ते कमाई म्हणून खर्च होते आणि स्लॅब गळू लागला की "आता कुठून आणू?" असा प्रश्न पडतो. वास्तविक स्लॅबचे पैसे दर महिन्याच्या भाड्यातच आलेले होते. ते आपण किराण्यात घालवले.

हा विषय नुसत्या व्यवहाराचा नाही. व्याज हराम आणि भाडे हलाल, असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण का, हे क्वचितच विचारतो. दोन्हीकडे मालक बसून खातो असे वरवर दिसते. फरक जबाबदारीत आहे. व्याजावर पैसे देणाऱ्याला कर्जदाराचे नुकसान झाले तरी आपले पैसे वाढीसकट हवे असतात. घरमालकाचे तसे नाही. घर जळाले, खचले, पुरात गेले तर नुकसान त्याचे असते. हदीसमधून आलेले आणि फिकहच्या सगळ्या किताबांत सापडणारे तत्त्व हेच सांगते की ज्याच्यावर नुकसानीची जबाबदारी, त्यालाच लाभाचा हक्क. म्हणून इजाऱ्याच्या, म्हणजे भाडेकराराच्या नियमांत मालकीचा खर्च मालकाकडे येतो आणि वापराचा खर्च भाडेकरूकडे जातो. भिंत, छत, पाइपलाइन, घरपट्टी, विमा हे मालकाचे. वीज, पाणी, झाडलोट, त्याच्या हातून फुटलेले बेसिन हे भाडेकरूचे. गळक्या छताखाली भाडेकरूला ठेवून पूर्ण भाडे घेणारा मालक आपल्या हक्काचा पायाच उखडतो, असे मला वाटते.

आता आकड्यांकडे येऊ. समजा बीडच्या बालेपीर किंवा मोमीनपुऱ्याच्या बाजूला एका कुटुंबाच्या तीन खोल्या आहेत. प्रत्येकीचे भाडे 3,000 रुपये. म्हणजे महिन्याला 9,000 आणि वर्षाला 1,08,000. घरातले सगळे हाच आकडा डोक्यात ठेवून चालतात. पण एक खोली वर्षातून तीन महिने रिकामी राहिली, आणि ती राहतेच, कारण परीक्षा संपल्या की विद्यार्थी गावी जातो आणि नोकरदाराची बदली होते, तर 9,000 गेले. उरले 99,000. घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून 6,000 धरा. नळ, कुलूप, जळालेली मोटार, भरलेली शौचालयाची टाकी असल्या किरकोळ कामांना 11,000. रंग चार वर्षांनी 32,000 रुपयांचा, म्हणजे वर्षाला 8,000. स्लॅबचे वॉटरप्रूफिंग आठ वर्षांनी 48,000 रुपयांचे, म्हणजे वर्षाला 6,000. करार नोंदवण्याचा खर्च 3,000. विम्याचा हप्ता धरलाच तर 1,000. झाले 35,000. हातात खरे राहिले 64,000, म्हणजे महिन्याला सव्वापाच हजारांच्या थोडे वर. नऊ हजार नव्हे.

हे आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतले वेगळे असतील. पण प्रमाण फार बदलणार नाही. आयकराचा कायदासुद्धा घरभाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेली घरपट्टी वजा करू देतो आणि उरलेल्या रकमेतून 30 टक्के सरसकट सूट देतो, दुरुस्तीची पावती असो वा नसो. दुरुस्ती, विमा, वसुली हे सगळे त्या 30 टक्क्यांत आले, वेगळे मागता येत नाही. सरकारला जे ठाऊक आहे ते आपल्या घरात ठाऊक नसावे? आणि याच खोल्यांना जागेसकट 25 लाख लागले असतील, तर वर्षाला पडणारा परतावा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा वाचून कोणी खोल्या विकाव्यात असे मी म्हणत नाही. जागेची किंमत वाढते, डोक्यावर छप्पर राहते, मुलांना काही मागे उरते. पण "खोल्या टाकल्या की घर बसल्या खाता येते" असे सांगून कोणी तुमच्याकडून नातेवाइकांचे कर्ज काढवत असेल, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

यातली घरपट्टी लहान दिसते, पण तिचा एक डाव आहे. नगरपालिकेची घरपट्टी थकली की त्यावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला 24. बँकेचे सात टक्के व्याज नको म्हणून दूर राहणारी आपली माणसे पाच-पाच वर्षे घरपट्टी न भरता शास्ती मात्र भरत बसतात. कर थकला तर त्याचा बोजा घरावरच असतो. विकताना, वाटणी करताना, कर्ज काढताना तो समोर येतो. वीजबिलाचे तसेच. मीटर मालकाच्या नावावर असतो. भाडेकरू तीन महिन्यांचे बिल बुडवून गेला तर महावितरण त्याला शोधत फिरत नाही. म्हणून अनामत रक्कम परत करण्याआधी बिल भरल्याची पावती पाहायची, एवढी सवय तरी लावून घ्यावी.

अनामतीवरून आठवले. अलीकडे "हेवी डिपॉझिट" किंवा "घर गिरवी" हा प्रकार आपल्याकडेही दिसतो. भाडेकरू तीन-चार लाख एकरकमी देतो, बिनभाड्याने किंवा नाममात्र भाड्यावर राहतो आणि जाताना पूर्ण रक्कम परत घेतो. मालकाला वाटते की घरपट्टी, दुरुस्ती, विमा या कटकटी नकोत, एकदम पैसे मिळाले. पण अनेक उलमा याला कर्जावर मिळवलेला फायदा मानतात, म्हणजे व्याजाच्या कुंपणातच. व्यवहारातही तो धोक्याचा आहे. ती रक्कम मालक खर्चून टाकतो, भाडे येत नाही, घर मात्र झिजत राहते आणि तीन वर्षांनी पैसे परत करायला पुन्हा कर्ज. एक-दोन महिन्यांची अनामत घ्यावी, ती बाजूला ठेवावी, भाडे रास्त घ्यावे.

आपल्या भागातली घरे झिजतात कशाने, हे इथल्या माणसाला सांगायला नको. जुन्या वाड्यांवर माळवद आहे. मृगाच्या आधी वर माती टाकून दाबली नाही की पहिल्याच पावसात खाली बादल्या मांडाव्या लागतात, आणि तुळईला वाळवी लागली तर छतच येते. नवी घरे स्लॅबची आहेत, पण गेवराई-माजलगावकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि उथळ पायावरच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात. उन्हाळ्यात बोअर आटतो, कोरडी मोटार चालते, जळते. टँकर कोणी आणायचा यावरून मालक-भाडेकरूत वाद होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार घर चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे काम आहे. लेखी सूचना देऊनही मालकाने पंधरा दिवसांत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून घेऊन खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा एवढीच की वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापता येत नाही. मालकांनी रागावू नये. दुरुस्ती वेळेवर केली की ही वेळच येत नाही.

पण झीज वेगळी आणि आपत्ती वेगळी. झिजेसाठी महिन्याला थोडे बाजूला ठेवता येते. आपत्तीला ते पुरत नाही. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेला आलेला पूर बीडमधल्या पन्नाशीपुढच्या माणसांना आठवत असेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपल्या जिल्ह्यातलीही माणसे घराबाहेर पळाली होती. 30 ऑक्टोबर 2023 ला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. आणि सप्टेंबर 2025 मध्ये तर सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या गावांनी जे पाहिले ते अजून ताजे आहे. सरकारी मदत मिळते, पण ती किती? आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये आहेत आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500. साडेसहा हजारांत आज एक खिडकी बसत नाही.

इथे विम्याचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे तो हिशेबाआधी शरियतचा प्रश्न आहे. तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. डिसेंबर 1985 मध्ये जेद्दाह येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत ठरले की ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा करारात मोठी अनिश्चितता, म्हणजे गरर असल्यामुळे जायज नाही. सहकारी तत्त्वावरचा विमा, ज्यात सगळे मिळून एकमेकांचे नुकसान भरतात, तो जायज. हाच पुढे तकाफुल म्हणून ओळखला गेला. अडचण अशी की आपल्या देशात तकाफुल देणारी परवानाधारक कंपनी नाही. भारतातल्या उलमांनी ही परिस्थिती पाहिली आहे. लखनौच्या नदवतुल उलमामधील मजलिस-ए-तहकीकात-ए-शरइय्याने 1965 मध्ये, आणि इस्लामिक फिकह अकादमी, इंडिया या संस्थेने 1992 मध्ये, इथल्या परिस्थितीत, विशेषतः दंगलींत होणारे जानमालाचे नुकसान पाहून, विम्याला गरजेपोटी मुभा दिली. सगळे उलमा याच्याशी सहमत आहेत असे नाही. काहींचे म्हणणे असे की मुभा गरजेपुरतीच, आणि भरलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त आलेली रक्कम कोणत्या परिस्थितीत स्वतः वापरायची आणि कोणत्या परिस्थितीत गरिबांना देऊन टाकायची, हेही विचारून घ्यावे. तेव्हा आपल्या भरवशाच्या मुफ्ती साहेबांना विचारा. मात्र विचारताना "विमा जायज आहे का?" एवढेच विचारू नका. घर कुठे आहे, नदीपासून किती दूर, वस्ती कशी, त्या भाड्यावर कोण जगते, हे सगळे सांगा. ज्या विधवेचे संपूर्ण पोट तीन खोल्यांवर आहे तिचा प्रश्न आणि ज्याची चार दुकाने आहेत त्याचा प्रश्न एकच नसतो.

ज्यांना मुभा आहे असे वाटते त्यांनी काय घ्यायचे ते सांगतो. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. आग, पूर, वादळ, भूकंप, वीज पडणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे तिच्यात येते. भाड्याने दिलेल्या घरमालकाच्या कामाची गोष्ट म्हणजे, अशा घटनेने घर राहण्यालायक उरले नाही तर बुडालेले भाडेही ठरलेल्या मर्यादेत मिळू शकते. एजंट ही गोष्ट क्वचित सांगतो. विमा बांधकामाचा असतो, जागेचा नाही. 900 चौरस फुटांचे बांधकाम आज पुन्हा करायला चौरस फुटाला 1,600 रुपये लागत असतील तर विम्याची रक्कम 14,40,000 होते. प्लॉटची किंमत त्यात मिसळून चाळीस लाखांचा विमा काढला तर हप्ता जास्त जातो आणि भरपाई बांधकामाचीच मिळते. हळूहळू झिरपणारी ओल, वाळवी, जुनेपणामुळे पडलेली भिंत यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे विमा काढला तरी दुरुस्तीचा डबा वेगळा लागतोच. भाडेकरूचे सामान मालकाच्या पॉलिसीत येत नाही, हे त्याला आधीच सांगावे. आणि समोर दुकान असेल तर घराची पॉलिसी दुकानाला लागू होत नाही. लहान व्यवसायांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची वेगळी आहे. माळवदाचे किंवा पत्र्याचे घर असेल तर अर्जात तसेच लिहा. स्लॅब लिहून काढलेला विमा ऐनवेळी कागदच राहतो.

ज्यांना विमा नकोच, त्यांनी निदान एक करावे. चार-पाच नातेवाइकांच्या मिळून वीस-पंचवीस खोल्या असतील, तर दर खोलीमागे महिन्याला शंभर रुपये एका जागी जमवावेत, आणि कोणाचे घर पडले-जळले तर त्यातून मदत द्यावी, परत न मागण्याच्या नियतीने. शादीची बिशी चालवणाऱ्या आपल्या बायकांना याचा हिशेब शिकवायची गरज नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा हिशेब मांडला तिच्याकडे येतो. वर धरलेल्या तीन खोल्या अब्बांच्या नावावर होत्या आणि अब्बा वारले, असे समजा. मागे अम्मी, एक मुलगा, दोन मुली. मुली लग्न होऊन परळीला आणि अंबाजोगाईला. भाडे भाऊ गोळा करतो. बहिणींनी कधी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "बाजी, उरतेच काय? सगळे दुरुस्तीत जाते." कधी ते खरे असते, कधी अर्धे खरे. वही नसल्यामुळे खरे-खोटे कोणालाच कळत नाही, भावालासुद्धा नाही. बहिणी नाते तुटू नये म्हणून गप्प बसतात आणि ईदला आल्यावर साडी-चोळीवर समाधान मानतात. याला माफ केले म्हणत नाहीत. आकडा माहीत नसताना कोणी काय माफ करणार?

वही ठेवली तर चित्र असे दिसते. वर्षाचे उरलेले 64,000. अम्मीचा आठवा हिस्सा 8,000. राहिलेल्या 56,000 चे चार भाग, त्यातले दोन मुलाचे म्हणजे 28,000, आणि प्रत्येक मुलीचे 14,000. परळीच्या बहिणीच्या मुलीची शाळेची फी यात निघते. आणि ज्या वर्षी स्लॅबचे काम निघेल त्या वर्षी तिच्याकडे पैसे मागायची वेळ येत नाही, कारण तिच्या वाट्याचे दुरुस्तीचे पैसे दरवर्षी आधीच कापलेले आहेत. भाऊ वसुली करतो, नगरपालिकेत रांगेत उभा राहतो, प्लंबर शोधतो. त्या कामाचा मेहनताना सगळ्यांच्या संमतीने ठरवून घेतला तर त्यात गैर नाही. न सांगता घेणे गैर आहे.

वारस नोंदही याच वर्षी उरकावी. मालमत्ता पत्रकावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर अजून आजोबांचेच नाव असेल तर विमा कंपनी भरपाई कोणाला द्यायची यावर अडते, आणि भाडेकरार कोणी करायचा हाही प्रश्न उरतो. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही 1999 च्या कायद्याने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. तोंडी व्यवहारावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवा. आणि देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण तर कुरआननेच दिलेली आहे.

राहिली जकात. 1985 च्या त्याच जेद्दाहच्या बैठकीत हेही ठरले होते की भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. जकात आहे ती भाड्यातून शिल्लक राहिलेल्या पैशांवर, निसाब आणि वर्ष पूर्ण झाल्यावर, अडीच टक्के. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही वर्षअखेरीस हातात असेल तर ती तुमच्या शिलकीतच धरावी. वारसांपैकी प्रत्येकाने आपापल्या हिश्शाची जकात आपण काढावी, भावाने सगळ्यांच्या वतीने परस्पर काढू नये.

वहीसाठी काही विशेष लागत नाही. शाळेची शंभर पानी चालेल. डाव्या पानावर खोलीनिहाय आलेले भाडे, उजव्या पानावर खर्च आणि पावतीचा नंबर, पावत्या मागच्या खिशात. घरपट्टीचे वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून वहीही एप्रिलपासून धरली तर सोपे पडते. मार्चअखेरीस वहीच्या पानांचे फोटो बहिणींच्या मोबाइलवर पाठवावेत. वारस नोंदीला कोणकोणते कागद लागतात आणि तलाठी कार्यालयात काय विचारायचे, ते पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह.